‘विघटनशील’ आणि ‘कुजवता येणारे’ : नव्या प्लास्टिकच्या मराठी परिभाषेचे एक परीक्षण

१

ऑक्टोबर २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील जेजुरी येथे प्राज इंडस्ट्रीज या पुण्याच्या कंपनीने जैवबहुवारिकांच्या निर्मितीचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. साखरेचे किण्वन करून लॅक्टिक अम्ल मिळवावयाचे, त्या अम्लाच्या दोन रेणूंपासून लॅक्टाइड हे वलयाकार संयुग बनवावयाचे आणि मग ते वलय उघडून रेणूंची लांब साखळी, म्हणजे पॉलिलॅक्टिक अम्ल, तयार करावयाचे, अशी ही प्रक्रिया आहे. शेले या रसायनज्ञाने १७८० साली आंबलेल्या दुधातून जे अम्ल वेगळे केले, आणि आपल्या घरच्या दह्याला जे आंबटपणा देते, तेच हे अम्ल होय. महाराष्ट्रात या विषयाला पूर्वपीठिकाही आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६८ साली नोसिलचा पेट्रोरसायन प्रकल्प उभा राहिला आणि खनिज तेलापासून मिळणाऱ्या प्लास्टिकचे युग येथे स्थिरावले. दुसरीकडे १९५० साली उघडलेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बहुवारिकांचे संशोधन रुजले. रघुनाथ माशेलकर आणि एस. शिवराम हे तिचे दोन संचालक स्वतः बहुवारिकशास्त्राचेच अभ्यासक होते.

भाषाविभागाच्या संशोधनपत्रिकेत या विषयाचा विचार कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, नवा पदार्थ सामान्य मनुष्याच्या हाती येतो तेव्हा त्याचे गुणधर्म तो मनुष्य तपासून पाहू शकत नाही. तो नावावर विश्वास ठेवतो. ‘शाश्वत’, ‘जैविक’, ‘विघटनशील’, ‘पुनर्वापरयोग्य’ ही चार विशेषणे आज या नव्या प्लास्टिकच्या मागे मराठीत लावली जातात. त्यांतील प्रत्येक विशेषण इंग्रजी शब्दाचा प्रतिशब्द म्हणून घडले आहे, आणि प्रत्येकात मूळ वैज्ञानिक विधानाचा काही अंश गळून गेला आहे. जो अंश गळला तो सांगण्याची शक्ती मराठीच्या व्याकरणात असतानाही आपण ती वापरली नाही, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम ‘शाश्वत’ हे विशेषण घेऊ. ‘शाश्वत विकास’ ही संज्ञा आता रूढ झाली आहे आणि तेथे ती निभावूनही जाते, कारण विकास चिरकाल चालावा ही इच्छा कोणास अमान्य नाही. परंतु तेच विशेषण प्लास्टिकला लावले की अर्थ नेमका उलटतो. प्लास्टिक शाश्वत आहे, हीच तर तक्रार आहे! शंभर वर्षांपूर्वी ज्याची स्तुती त्याच्या अविनाशित्वासाठी झाली असती, त्याच पदार्थाचे अविनाशित्व आज दोष ठरले आहे. काही जण ‘टिकाऊ’ असा पर्याय योजतात; त्याने गोंधळ अधिकच वाढतो, कारण ‘टिकाऊ पिशवी’ म्हणजे न फाटणारी पिशवी, असाच अर्थ कोणताही मराठी भाषक करील. मुळात सांगावयाचे आहे ते असे की, पदार्थाच्या निर्मितीत व विनाशात निसर्गाला सोसवेल एवढाच भार पडतो. हे विधान पदार्थाच्या आयुष्याविषयी नसून त्या भाराविषयी आहे. विशेषण चुकीच्या विशेष्याला जोडले गेल्यामुळे हा अनर्थ झाला.

‘जैविक’ या शब्दाचे दुखणे याहून सूक्ष्म आहे. ‘जैविक प्लास्टिक’ म्हणजे जीवसृष्टीपासून उत्पन्न झालेले प्लास्टिक, की जीवसृष्टीत विलीन होणारे प्लास्टिक? रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे दोन स्वतंत्र गुण आहेत आणि एकाच्या असण्यावरून दुसऱ्याचे अनुमान करता येत नाही. ब्राझीलमध्ये ब्रास्केम या कंपनीने २०१० साली उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिएथिलीन बनवण्याचा मोठा कारखाना सुरू केला. ते पॉलिएथिलीन उसापासून झालेले असले तरी रेणुरचनेने ते तेलापासून झालेल्या पॉलिएथिलीनसारखेच असते, आणि तितकेच चिवटपणे मातीत पडून राहते. उलटपक्षी जर्मनीच्या बीएएसएफ या कंपनीने १९९८ पासून विक्रीस आणलेले इकोफ्लेक्स हे बहुवारिक खनिज तेलापासून बनते, तरी योग्य परिस्थितीत ते सूक्ष्मजीवांकडून पचवले जाते. पॉलिलॅक्टिक अम्लात हे दोन्ही गुण काही मर्यादेत एकत्र आले आहेत. पण तो त्या एका पदार्थाचा विशेष होय, ‘जैविक’ या नावाचा नव्हे.

या ठिकाणी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. मराठीत ‘जैविक’ हा शब्द ‘जैविक शेती’मुळे शेतकऱ्याच्या परिचयाचा झाला असून, त्याला ‘विषारी नसलेले, जमिनीला हितकर’ अशी अर्थच्छटा चिकटली आहे. ती छटा प्लास्टिकवर आपोआप चढते. उत्पादकाने एक अक्षरही खोटे न बोलता वाचकाच्या मनात खोटी समजूत उत्पन्न व्हावी, अशी ही स्थिती आहे. आणि तिची जबाबदारी प्रतिशब्द घडवणाऱ्यांकडेही जाते.

३

आता मुख्य शब्दाकडे वळू. महाराष्ट्रात २००६ चा अविघटनशील कचरा नियंत्रणाचा कायदा आहे, आणि त्याच्या आधारे मार्च २०१८ मध्ये राज्यशासनाने प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. कायद्याच्या नावातच ‘अविघटनशील’ असल्यामुळे ‘विघटनशील’ ही त्याची प्रतियोगी संज्ञा आपोआप प्रमाण ठरली, आणि जे बंदीत नाही ते विघटनशील, जे विघटनशील ते निर्धास्तपणे फेकावे, अशी लोकसमजूत होण्यास वाव मिळाला.

इंग्रजी शब्दाच्या अंती येणारा ‘-एबल’ हा प्रत्यय ‘शक्य’ एवढाच अर्थ सांगतो आणि ही शक्यता कोणाच्या बळावर, याविषयी मौन पाळतो. मराठीत मात्र त्या एका प्रत्ययासाठी निदान तीन उत्तरपदे उपलब्ध आहेत : ‘-शील’, ‘-क्षम’ आणि ‘-योग्य’. ही तिन्ही समानार्थी मानून आलटून पालटून वापरली जातात. वस्तुतः त्यांच्यात महत्त्वाचा भेद आहे. सहनशील मनुष्य सहन करतो तो स्वभावाने; त्याला कोणी सांगावे लागत नाही. पाणिनीनेही एखादी क्रिया ज्याच्या स्वभावातच आहे असा कर्ता इतर कर्त्यांपासून वेगळा काढून त्याच्यासाठी स्वतंत्र प्रत्यय सांगितले आहेत. आपल्या ‘-शील’मध्ये प्रत्यय नसून नाम आहे, पण अर्थकल्पना तीच आहे. ‘-क्षम’ हे सामर्थ्य सांगते. सामर्थ्य असून ते कधी प्रकटच न होणे शक्य असते. ‘-योग्य’ हे तर दुसऱ्या कोणाची अपेक्षाच धरते. ‘पिण्यायोग्य पाणी’ म्हटले की पिणारा गृहीत धरलेला असतो. संस्कृतातील ‘-नीय’ प्रत्ययान्त शब्दांत शक्यता, योग्यता आणि कर्तव्यता एकत्र नांदतात, म्हणून ‘विघटनीय’ म्हणूनही हा प्रश्न सुटणार नाही.

या तिघांपैकी पॉलिलॅक्टिक अम्लाला कोणते पद लागू पडते, हे भाषेने नव्हे तर पदार्थाने ठरवावयाचे आहे. खतात रूपांतर होणाऱ्या प्लास्टिकसाठी आपल्याकडे आयएसओ १७०८८ हे मानक स्वीकारले आहे. त्यातील कसोटी थोडक्यात अशी : सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाच्या, ओल्या व हवा खेळत्या खतात ठेवले असता १८० दिवसांच्या आत पदार्थातील ९० टक्के कार्बनाचे कर्बवायूत रूपांतर झाले पाहिजे, तसेच बारा आठवड्यांनी खत दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळले असता मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक तुकडे वर राहता कामा नयेत. ५८ अंश हा आकडा पॉलिलॅक्टिक अम्लाच्या बाबतीत विशेष बोलका आहे. या पदार्थाची घट्ट बसलेली साखळी सुमारे ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान सैल होते. त्यानंतर पाणी आत शिरून तिचे तुकडे वेगाने करते, आणि ते तुकडे पुरेसे लहान झाल्यावरच सूक्ष्मजीव त्यांचा समाचार घेतात. उष्णता आणि ओल या दोहोंची एकसमयी गरज आहे. खानदेशच्या वैशाखात जमिनीचा पृष्ठभाग तापतो, पण तेव्हा तीत ओल नसते. आषाढात ओल येते, तेव्हा ती उष्णता राहिलेली नसते. अशा जमिनीत हे प्लास्टिक स्वभावतः नाहीसे होईल असे मानणे म्हणजे ‘-शील’ या पदावर पदार्थाने न घेतलेली जबाबदारी टाकणे होय.

वास्तविक हा भेद मांडण्यासाठी संस्कृत समासांची गरजच नाही. मोरो केशव दामले यांनी १९११ सालच्या आपल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ज्या प्रयोजक क्रियापदांचे विवेचन केले आहे, ती येथे उपयोगी पडतात. पालापाचोळा ‘कुजतो’, अंबाडी पाण्यात घालून ‘कुजवतात’. पहिल्या क्रियापदाला बाहेरचा कर्ता लागत नाही. दुसऱ्याला कुजवणारा लागतो, कुजवण्याचे साधन लागते, ठिकाण लागते आणि काळ लागतो. अंबाडीचा वाख काढणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक कोणी शिकवावा लागत नाही. नव्या प्लास्टिकविषयी सत्य विधान एवढेच करता येते की, ते ‘कुजवता येते’. ‘विघटनशील’ हा शब्द ‘कुजते’ असे सांगतो. एका ‘व’काराचे हे अंतर आहे, पण त्यात एक अख्खा खतप्रकल्प सामावलेला आहे.

कारकांच्या परिभाषेत बोलावयाचे तर प्लास्टिकविषयीचे कोणतेही विधान पूर्ण होण्यास चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत : कशापासून झाले हे अपादान, कोण मोडतो हा कर्ता, कशाने मोडतो हे करण, आणि कोठे व किती काळात मोडतो हे अधिकरण. केंद्रशासनाने मार्च २०२४ मध्ये प्लास्टिक-कचरा नियमांत केलेल्या दुरुस्तीत जैवविघटनाची जी व्याख्या आहे, तीत माती, गोडे पाणी, समुद्र अशा विशिष्ट परिस्थितींचा निर्देश असून, मागे सूक्ष्म प्लास्टिक उरता कामा नये अशीही अट आहे. शिवाय खतात कुजवावयाचे प्लास्टिक तीत वेगळे काढले आहे. म्हणजे व्याख्येने अधिकरण सांभाळले. ती व्याख्या ‘विघटनशील’ या एका शब्दात कोंबली की अधिकरण लुप्त होते, करण लुप्त होते आणि कर्ता म्हणून खुद्द प्लास्टिकच उभे राहते.

४

‘पुनर्वापरयोग्य’ या शब्दात दोष निराळा आहे. तेथे दोन भिन्न क्रिया एकाच शब्दात मिसळल्या आहेत. रिकाम्या बाटलीत पुन्हा पाणी भरणे हा पुनर्वापर होय. ती बाटली वितळवून तिचा धागा काढणे हा पुनर्वापर नव्हे. दुसऱ्या क्रियेसाठी ‘पुनर्चक्रण’ हा शब्द घडवण्यात आला, पण तो बोलीत उतरला नाही. विशेष हे की, या क्रियेला मराठीत जुना आणि जिवंत शब्द आहे. जुने तांब्यापितळेचे भांडे आपण ‘मोडीत’ घालतो, जुना दागिना मोडून नवा घडवतो. वस्तूचा आकार जावा आणि द्रव्य राहावे, ही कल्पना ‘मोड’ या शब्दात पूर्णपणे आली आहे. शिवाय सोनार मोड घेताना ‘घट’ कापतो. हा सराफकट्ट्यावरचा शब्द रसायनशास्त्राला फार जवळचा आहे, कारण प्लास्टिक पुन्हा पुन्हा वितळवताना त्याच्या साखळ्या तुटून आखूड होतात आणि माल उत्तरोत्तर हलका होतो. सोन्याची घट वजनात होते, प्लास्टिकची गुणात. पण घट आहे. साखळी मुळापर्यंत उलगडून तिचे मूळ घटक परत मिळवण्याच्या ज्या रासायनिक पद्धतींवर आज अनेक कंपन्या संशोधन करीत आहेत, त्यांचा उद्देश ही घट टाळणे हाच आहे. मात्र त्यासाठी ऊर्जा आणि स्वच्छ, एकजिनसी कचरा लागतो.

येथेही ‘-योग्य’ हे पद आपले काम प्रामाणिकपणे करते, पण वाचक त्याकडे दुर्लक्ष करतो. योग्य असणे आणि प्रत्यक्ष घडणे यांत किती अंतर असते, याचा एक हिशेब २०१७ साली गायर, जॅम्बेक आणि लॉ या संशोधकांनी मांडला. २०१५ पर्यंत जगात निर्माण झालेल्या सुमारे ६३० कोटी टन प्लास्टिक-कचऱ्यापैकी अवघा ९ टक्के पुन्हा घडवला गेला, १२ टक्के जाळला गेला, आणि उरलेला ७९ टक्के कचऱ्याच्या डेपोंत अथवा उघड्यावर साचला. बाटलीच्या बुडाशी बाणांच्या त्रिकोणात जो अंक असतो, तो अमेरिकेतील प्लास्टिक-उद्योगाने १९८८ साली प्रचारात आणला. तो द्रव्याचा प्रकार सांगतो, त्या बाटलीचे पुढे काय होणार हे सांगत नाही. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने या चिन्हाचा अभ्यास अवश्य करावा. वर्गनिर्देशक चिन्ह वचनदर्शक म्हणून वाचले गेल्याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळा. त्यात भर म्हणजे पॉलिलॅक्टिक अम्लाची बाटली नेहमीच्या बाटलीसारखीच दिसते, पाण्यात तिच्यासारखीच बुडते, आणि भंगारात तिच्याबरोबर गेली तर कमी तापमानाला वितळून सारा घाणा बिघडवते. म्हणजे एक ‘चांगले’ प्लास्टिक दुसऱ्या ‘चांगल्या’ प्लास्टिकच्या आड येते. आणि दोहोंवर कौतुकाचे सारखेच विशेषण असल्यावर भंगारवाल्याने ती वेगळी कशी करावी?

५

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. पारिभाषिक शब्द रूढीने चालतो. त्याची व्युत्पत्ती पाहण्याचे कारण नाही. ‘विघटनशील’ म्हणजे विशिष्ट कसोटीस उतरलेले, असा संकेत शास्त्रज्ञांनी केला की पुरे. शास्त्रज्ञांच्या वर्तुळापुरता हा आक्षेप मान्य आहे. विश्वकोशाने घडवलेला ‘बहुवारिक’ हा शब्द त्याच न्यायाने स्थिर झाला, आणि तो उत्तम आहे. परंतु पिशवीवरील शब्द त्या वर्तुळाबाहेर जातो. संकेत ज्याला ठाऊक नाही, तो यौगिक अर्थच घेणार. आणि येथे यौगिक अर्थ चूक आहे. १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यापासून राज्यकारभाराची मराठी परिभाषा सिद्ध करण्याचे मोठे कार्य झाले; त्याचा रोख अधिकाऱ्याच्या टिपणीवर होता, ग्राहकाच्या हातातील वेष्टनावर नव्हता. आज प्रश्न वेष्टनाचा आहे.

हा प्रश्न नंदुरबार जिल्ह्यात अधिक तीव्र होतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. अनेकांच्या घरी भिली, पावरी, मावची यांसारख्या बोली बोलल्या जातात. प्रमाण मराठी त्यांना शाळेत भेटते. त्यांच्यापर्यंत ‘जैवविघटनशील’ हा समास इंग्रजीतून प्रमाण मराठीत आणि तेथून बोलीत असा दोनदा गाळून पोहोचतो. उलट ‘कुजणे’ आणि ‘कुजवणे’ ही शेतातली क्रिया आहे. ज्यांच्या घरी पळसाच्या पानांची पत्रावळ जेवणानंतर गुरांपुढे वा उकिरड्यात जात असे, त्यांना ‘विघटनशील’ म्हणून दिलेले ताट तसेच उकिरड्यात टाकण्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. शब्दानेच त्यांना तसे सांगितलेले असते.

शहादे तालुक्यातील ऊस पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडे जातो. त्याच भागात मिरची, पपई अशा पिकांच्या सऱ्यांवर पॉलिथिनचा पातळ पडदा अंथरतात. शेतकरी त्याला ‘मल्चिंग पेपर’ म्हणतो, यद्यपि त्यात कागदाचा अंशही नसतो. जशी ‘ताडपत्री’त आता ताडाची पाने नसतात. द्रव्य बदलते आणि नाव मागे राहते, हे या जुन्या उदाहरणांवरून दिसते. उद्या साखरेपासून झालेला पडदा याच सऱ्यांवर आला, तर त्याच्या उगमाची आणि अंताची गाठ एकाच शेतात पडेल. त्या दिवशी शेतकऱ्याच्या हाती कोणते नाव असेल, यावर तो पडदा हंगामाअखेरी गोळा केला जाईल की नांगराखाली जाईल हे ठरेल. मातीत कुजण्याची कसोटी ही खतप्रकल्पातील कसोटीहून वेगळी आहे. एकीत उतरलेला पदार्थ दुसरीत उतरेलच असे नाही. ‘विघटनशील’ या एका शब्दावर विसंबून नांगर चालवला गेला, तर चूक शेतकऱ्याची म्हणता येणार नाही.

६

ऑक्टोबर २०२४ मध्येच, म्हणजे जेजुरीचा प्रकल्प सुरू झाला त्याच महिन्यात, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांना आळा घालण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. मोघम विशेषणांना पुराव्याची जोड द्यावी आणि तांत्रिक संज्ञा ग्राहकाला समजेल अशा भाषेत सांगावी, असा त्यांचा आशय आहे. मराठीपुरते पाहता, ही अपेक्षा पुरी करण्यास नवे कोश लागणार नाहीत. विशेषणाऐवजी वाक्य लिहिण्याची तयारी लागेल. उदाहरणार्थ, पिशवीवर असे छापता येईल : ‘ही पिशवी उसाच्या साखरेपासून बनवली आहे. खतप्रकल्पात, ओलीत आणि सुमारे ५८ अंश उष्णतेत, ती सहा महिन्यांच्या आत कुजवता येते. शेतात किंवा उकिरड्यावर ती कुजेल याची हमी नाही. भंगारातल्या बाटल्यांत मिसळू नये.’ चार वाक्ये झाली. पण त्यांत चारही कारके आली, आणि एकही शब्द कोशात पाहावा लागत नाही. संज्ञा हवीच असेल तर ‘विघटनशील’च्या जागी ‘खतयोग्य’ म्हणावे. त्यात खत करणारा कोणी लागतो, एवढी जाणीव तरी शिल्लक राहते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या दिशेने एक काम हाती घेण्यासारखे आहे. नंदुरबार, नवापूर, शहादे, तळोदे, अक्कलकुवे आणि अक्राणी या सहा तालुक्यांच्या आठवडेबाजारांत प्लास्टिकच्या वस्तूंना कोणती नावे आहेत, त्यांच्या नाशाविषयी कोणती क्रियापदे वापरली जातात, आणि कुजणे-कुजवणे हा भेद तेथील बोलींत कसा व्यक्त होतो, यांचा संग्रह करावा. तो संग्रह हाती आल्यावाचून वेष्टनावरील मराठी कोणासाठी लिहावयाची, हे ठरवता येणार नाही. प्रयोगशाळेने आपल्या पदार्थाच्या मर्यादा अंशांत आणि दिवसांत मोजून दिल्या आहेत. त्या मर्यादा शब्दात उतरवताना गाळू नयेत, एवढी दक्षता परिभाषा घडवणाऱ्यांनी घ्यावयास हवी.